जाळीच्या आत रेंज नाही

२ फेब्रुवारी, सोमवार
सकाळपासून डोकं ठणकतंय. कारण सापडलं: समोर जाईबाईंच्या गच्चीवरचा मोबाईल टॉवर. आमच्या गच्चीसाठी विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणालो असतो. नीलमच्या मते कारण म्हणजे माझे दिवसाचे अकरा चहा. बायकोला सायन्स नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
रांजणगावला कंपनीत, लंच टाइम. मेंटेनन्सच्या म्हाळूला विचारलं. म्हणाला, "साहेब, चारी बाजूंनी धातूची जाळी लावा. लहर जाळीवर आली की जाळीतच करंट फिरतो, आत काय पोचत न्हाई." मी हे ओळखूनच होतो. संकल्प: पलंगाभोवती पिंजरा. रविवारी काम फत्ते.
आमच्या पोरीच्या, अपेक्षाच्या लग्नाची बोलणी करायला मुलाच्या वडिलांचा, दौंडच्या मारुतरावांचा फोन यायचाय. तारीख, हॉल, जेवण, सगळ्यात शेवटचा शब्द माझा. म्हणून डोकं शांत हवं.

८ फेब्रुवारी, रविवार
मेव्हणा भिमा खुराड्याची जाळी घेऊन आला. पिंजरा उभा. शोभा यावी म्हणून सगळ्या पट्ट्यांना ऑइलपेंट मारून मग जोडल्या. आत बसलो आणि नीलमला फोन लावायला सांगितलं. खणखणीत रिंग. भिमा हसून हसून खाली बसला. ही फक्त ट्रायल होती.

१० फेब्रुवारी, मंगळवार
म्हाळू म्हणतो, भोकं मोठी, तळ उघडा, आणि पेंटमुळे पट्ट्या एकमेकींना भिडल्याच नाहीत. पेंट ही भिमाचीच कल्पना असावी.

१५ फेब्रुवारी, रविवार
बारीक जाळी. खाली, वर, दारालाही. जोड घासून चकचकीत केले. दार लावताना लुंगी अडकली आणि तेवढ्या फटीतून रिंग वाजलीच! लुंगी काढून बाहेर फेकली. दार घट्ट. फोनवर एक कांडी नाही. विजय!
जाईबाई कोथिंबीर द्यायला आल्या होत्या. उलट पावली गेल्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
डोकं अजून ठणकतंय. जुन्या लहरी अंगातून निघायला वेळ लागत असणार. चहाचा थर्मास आतच ठेवतो.

२२ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४
जेवून पिंजऱ्यात दोन तास झोपलो. बाहेर आलो तर फोन टुणटुणायला लागला. मारुतरावांचे सात मिस्ड कॉल. सोयरीक मोडली! पोरीला तोंड कसं दाखवू? धावत स्वयंपाकघरात गेलो. नीलम फोन खाली ठेवत होती.
म्हणाली, "तुमचा लागंना म्हणून व्याह्यांनी मला लावला. ठरलं सगळं."
"सगळं? हॉल? जेवण?"
"व्हय. दहा मिनिटांत."
मी विचारलं, माझं नाव काढलं का त्यांनी?
"काढलं ना. म्हणलं, पिंजऱ्यात बसल्यात. तर म्हणले, बसू द्या."

२३ फेब्रुवारी, सोमवार
रजा टाकली. पिंजऱ्यात नवी गादी आणि टेबलफॅन आलाय. साड्यांच्या खरेदीला निघताना अपेक्षा म्हणाली, "पप्पा, लग्न होईपर्यंत तुम्ही आतच आराम करा ना." दारसुद्धा तिनंच ओढून लावलं. घरच्यांना माझ्या तब्येतीची एवढी काळजी आहे, हे मला माहीतच नव्हतं.