कागदाबाहेरच्या पेट्या

कळमना, नागपूर
शुक्रवार

सन्माननीय व्याही मधुकररावजी यांना नत्थूजीचा मनापासून रामराम.

इकडे सगळे बरे आहोत. तुमची धानाची कापणी आटोपली असेल. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? (मागच्या खेपेला दिलेलं तेल लावत नसतील तर परत पाठवा, आता ते मला लागतं.) आमची काजल आठवडा झाला तुमच्याकडे रामटेकला विश्रांतीला आली आहे. निदान तुम्हाला तिनं तसं सांगितलं असेल. निघताना ती मला ‘येते’ म्हणाली नाही, ‘जाते’ म्हणाली, आणि सून घरातून तशी निघाली की सासऱ्यानं समजायचं ते समजावं. फोनच केला असता, पण तुमच्या घरचा फोन तीच उचलते आणि माझा आवाज ऐकला की तुमच्याकडचं नेटवर्क जातं. म्हणून हे पत्र. तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल, आता माझीही ऐका, म्हणजे तिला परत पाठवायचं की नाही ते ठरवायला तुम्हाला सोपं जाईल.

आमचा धंदा म्हणजे संत्री घ्यायची, निवडायची, पेट्या भरायच्या आणि बंगालातून बॉर्डरपलीकडे बांगलादेशात धाडायची. वडील रेल्वेनं धाडत, मी ट्रकनं धाडू लागलो. माझ्या काळी बॉर्डरवर ट्रकांची ही लांब रांग लागायची. ड्रायव्हर लोक तिथे चुली मांडत, कपडे वाळत घालत, एकमेकांच्या पोरींची लग्नं जमवत. माल पलीकडे जायचा तो ओळखीवर, आणि ओळख म्हणजे आमचे तिथले एजंट दासबाबू. पेट्या मोजून झाल्या की त्यांच्यासाठी दोनचार पेट्या वरून टाकायच्या, ही वडिलांपासूनची रीत. कागदावर त्या कधीच नसत. (ही लाच नव्हे. लाच काम होण्यासाठी देतात, आमचं काम होणारच असायचं. शिवाय लाचेची संत्री कोणी गोड बघून निवडत नाही.)

आमच्या भूपेशला, म्हणजे तुमच्या जावयाला, या धंद्याचा वाससुद्धा नको. तो मिहानमध्ये विमानांचे नट आवळतो; विमानं देशोदेशी जातात आणि हा संध्याकाळी घरी येतो. दुकान माझ्याबरोबरच बंद होणार असं मी धरून चाललो होतो. मग काजल नुसती जीएसटीचं बघायला म्हणून दुकानात गादीवर येऊन बसली आणि दोन हंगामांत गादीच गेली, तिथे टेबलखुर्ची आली. बॉर्डरच्या रांगेतला नंबर ती आता इथून कॉम्प्युटरवर लावते. पलीकडच्या सरकारनं कर असा वाढवत नेला की संत्र्यापेक्षा कर महाग झाला. माझ्या बरोबरीच्या व्यापाऱ्यांनी हात वर केले. हिनं एकेक पेटी तोलायला लावली, गाडीभाडं घासून आणलं, पलीकडच्या व्यापाऱ्याशी हिंदीत भांडली आणि माल चालू ठेवला. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, कारण सुनेचं कौतुक तिच्या तोंडावर करायची आमच्याकडे सवय नाही. तुम्हालाही पहिल्यांदाच सांगतो आहे.

तर झालं असं, की आंबिया बहाराच्या संत्र्यांचा पहिला ट्रक भरला. काजलनं वजन घेतलं, कागद केले आणि ती घरी गेली. मी मागे थांबलो. दासबाबूंना नुकताच नातू झाल्याचं कानावर आलं होतं. नातू झाला म्हटल्यावर दोन पेट्या बरं दिसत नाही, म्हणून मी पाच चढवल्या आणि ड्रायव्हरच्या मांडीवर संत्राबर्फीचा डबा ठेवला. बॉर्डरच्या वजनकाट्यावर वजन कागदापेक्षा जास्त भरलं. तिथली तरुण अधिकारीण म्हणाली, हा जादा माल कोणाचा? आमच्या ड्रायव्हरनं हात जोडून सांगितलं, “मॅडम, ये माल नहीं है, ये हमारे मालक का प्यार है.” त्या बाईंनी प्रेम कागदावर दाखवायला सांगितलं. ते नव्हतं. ट्रक बाजूला लागला, सगळा माल उतरवून तोलायचा हुकूम झाला आणि संत्री उन्हात बसली.

काजल म्हणाली, “बाबाजी, तुम्ही काही करू नका, मी पाहून राहिली.” पण सासरा घरी बसून कसा राहील? मी गाडी पकडून थेट बॉर्डर गाठली. त्या अधिकारीणबाईंना समजावून सांगितलं की यात चोरी काही नाही, आम्ही तर ही रीत तीस वर्षांपासून पाळतो. (सांगताना मला बरंच वाटलं होतं.) त्यांनी पेन उघडलं आणि तीसही वर्षांचे कागद मागितले. दासबाबू रिटायर झालेले, आता एजंटचं काम बघणारा त्यांचा मुलगा एसीत बसून म्हणाला, “अंकलजी, आप बाहर चाय पीजिए.” मग मी आणि दासबाबू बाहेर चहा पीत बसलो. त्यांना साखरेचा आजार झाला आहे, संत्री गेल्या वर्षापासून बंद आहेत. ऐकून वाईट वाटलं.

दोन दिवसांनी ट्रक सुटला. पलीकडच्या व्यापाऱ्यानं माल नरम पडला म्हणून भाव पाडला, पण ट्रक सुटला. नागपूरला परतल्यावर बाजारात चार लोकांनी विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हणालो की शेवटी आपली जुनी ओळख कामी आली. काजल तिथेच उभी होती. घरी जाऊन तिनं बॅग भरली. आता यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं, ते तुम्हीच तिला विचारून पाहा. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
नत्थूजी

ता. क. दुसरा ट्रक भरून उभा आहे. रांगेतला नंबर लावायला गेलो की कॉम्प्युटर म्हणतो, काजलच्या फोनवर सहा आकडे पाठवले. तिला कळू न देता ते आकडे तेवढे पाहून मला उलट टपाली कळवा. ते दहा मिनिटंच चालतात असं भूपेश म्हणतो, तेव्हा पत्र मिळताच घाई करावी.

ता. क. दुसरा. ओळख कामी आली नव्हती. नवा कागद काजलनं इथून केला, दंड तिनं भरला, त्या अधिकारीणबाईंशीही तीच बोलली. काल पलीकडच्या व्यापाऱ्याचा फोन आला होता. काजल मॅडम हैं क्या, म्हणाला. मी म्हटलं, मी मालक बोलतो. तो म्हणाला, अच्छा, फिर बाद में करता हूँ. दिवसभर मला काही सुचलं नाही. हे तिला सांगू नका.

भाऊ, मी काजलची सासू अनुसया लिहून राहिली. पाकीट बंद कराले मले देलं होतं, म्हणून सारं वाचलं. आकडे देऊ नका अन् पोरीलेही धाडू नका. त्या ट्रकापायी दोन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं, अन् यायनं भर बाजारात तिच्यासमोर आपलीच फुशारकी मारली. हे जे दुसऱ्या ताकात लिहिलं, ते यायनं स्वतः रामटेकले येऊन, पोरीच्या समोर बसून, तोंडानं म्हणाव. तवरोक मीही उद्याच्या एसटीनं तिकडंच येऊन राहिली, माह्यासाठी भात टाकजा. यायच्या जेवणाची काळजी करू नका. ट्रकभर संत्रे आहेत.