पेडलवरचा पाय

बाळकुम, ठाणे
रविवार, दुपारचे तीन

प्रिय संदेश,

पत्र बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठीक आहे, साखर आटोक्यात आहे. फोनवर तिसऱ्या वाक्याला तू "जाऊ दे ना आई" म्हणतोस आणि मीही जाऊ देते. कागदावर तुला तसं मध्येच म्हणता येणार नाही. शेवटपर्यंत वाच, एवढंच सांगणं.

आधी गाडीचं. तुझ्या लेकीने ती खरोखरच उघडली. गेले तीन रविवार बाबांची सत्त्याऐंशी सालची मारुती सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढून उचललेली उभी आहे. सेक्रेटरी येऊन विचारून गेले, "मॅडम, हे भंगार कधी हलणार?" मी म्हटलं, तुमची लिफ्ट हलेल त्याच्या आधी. पुन्हा आले नाहीत. पुढचे दोन्ही स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप मिळून जो खांब चाकावर गाडी तोलतो तो, गंजले होते आणि तेल गाळत होते. नवे उर्वीने कल्याणहून आणले. स्प्रिंग दाबून धरायचं अवजार वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमधून मागून आणलं. स्प्रिंग दाबताना तिने मला चार पावलं मागे उभं केलं. "सुटली तर तोंड फोडेल, आजी." कारखान्याच्या तपासणी विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला ही सांगते. पण बरोबर सांगते. बोल्ट आधी हाताने फिरवून बसवते, मगच पाना लावते. काढलेला नट जमिनीवर ठेवत नाही, डब्याच्या झाकणात ठेवते. मी सवयीने खोट शोधत होते. सापडली नाही.

ब्रेकही बदलले. कॅलिपर, पॅड, रबरी नळ्या, सगळं नवं. नळी सोडवली की ब्रेकच्या तेलात हवा शिरते आणि ती काढायला दोन माणसं लागतात, हे तुला ठाऊक आहे. एक चाकापाशी, एक पेडलवर. पेडलवर मी बसले.

परवा तू तिच्याशी बोलत होतास तेव्हा स्पीकर चालू होता. मी भाजी निवडत होते, कान बंद करता येत नाहीत. तू म्हणालास, "दुरुस्त कर हवी तर, पण चालवू नकोस. आपल्या घराण्याच्या हातात गाडी नाही. मी एकदा दाखवून दिलंय." ती हसली. "पप्पा, गाडी चालवणं काय टक्कल आहे का, वारशाने यायला?" पण फोन ठेवल्यावर तिने किल्ली माझ्या कपाटात नेऊन ठेवली आणि म्हणाली, पुढच्या सोमवारी आरटीओत तपासणीला न्यायला कुणी ड्रायव्हर बघू. तिच्याकडे लायसन्स आहे, संदेश. तिने ती गाडी स्वतःच्या हाताने जोडली आहे. आणि ती चालवायला घाबरते, कारण तू घाबरतोस.

मला अठ्ठ्याण्णवचा तो रविवार आठवला. तू वीस वर्षांचा होतास. तू आणि बाबा याच गाडीने मीराआत्याकडे आंबिवलीला निघालात. स्टिअरिंगवर तू, कारण मीच म्हटलं होतं, शिकलाय तर चालवू दे. आंबिवलीच्या अलीकडच्या उतारावर गाडी दगडी कठड्यावर गेली. तुला खरचटलं. बाबांचा गुडघा फुटला आणि कायमची काठी आली. कल्याणच्या दवाखान्यात तू एकच वाक्य म्हणत होतास, "पेडल खाली गेलं, ब्रेक लागलाच नाही." बाबा म्हणाले, "ब्रेक काल मी स्वतः केलेत. गल्लीत फिरवून बघितलेत. दोष ब्रेकचा नाही, चालवणाऱ्याचा." हे वाक्य पुढे लग्नाकार्यात, चहाला आलेल्या माणसांपुढे, काठी टेकवत टेकवत त्यांनी किती वेळा म्हटलं ते तू मोजलं असशील. तू नागपूरची नोकरी धरलीस. आज सत्तेचाळिसाव्या वर्षी बसने ऑफिसला जातोस. बाबांच्या शेवटच्या आजारात आलास तेव्हा त्यांनी विचारलं, "स्टेशनवरून रिक्षाने आलास? बरं केलंस." तू पाण्याचा ग्लास घेऊन आत गेलास. मी तिथेच उभी होते.

आज सकाळी उर्वी चाकापाशी आडवी झाली आणि मी सीटवर. तिची पद्धत बाबांचीच आहे, कुणी न शिकवता. ती म्हणणार "धर", मी पेडल तळापर्यंत दाबून म्हणायचं "धरलंय". मग ती नट सैल करणार, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर, नट आवळणार आणि "सोड" म्हणणार. "सोड" ऐकू येईपर्यंत पाय हलता कामा नये. हलला तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते. दुसऱ्या चाकाला माझ्या पोटरीत पेटका आला आणि पाय वर आला. मी म्हटलं, "उर्वी, माझा पाय उचलला गेला." ती खालूनच म्हणाली, "बरं झालं बोललीस. परत करू." घड्याळ माझ्या हातावर होतं. सात मिनिटं लागली.

तेवढीच तेव्हाही लागली असती. त्या शनिवारी डोंबिवलीला, आपल्या इमारतीच्या गल्लीत, बाबा चाकापाशी होते आणि मी पेडलवर. शेवटचं चाक राहिलं होतं. तू दारात खिशात हात घालून उभा होतास, आदल्याच दिवशी तुझा निकाल लागून दोन विषय राहिले होते. मी मान वळवून तुला बोलायला लागले. काय बोलत होते तेही आठवतं. निष्काळजीपणावर बोलत होते. बोलता बोलता पाय वर आला, बाबांचं "सोड" यायच्या आधी. मला कळलं. मी लगेच पुन्हा दाबला आणि म्हटलं, "धरलंय." तुला त्या विषयावर एवढं सुनावत असताना मला माझी चूक सांगायची नव्हती. गल्लीत हळू चालवताना ब्रेक लागला, म्हणून मी मनाची समजूत घातली. दवाखान्यात बाबांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "मध्ये पाय उचलला नव्हतास ना?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कारखान्यात केसभर चुकलेला भाग मी परत पाठवत असे, म्हणून सगळेच माझ्यावर विश्वास ठेवायचे.

तू खरं सांगत होतास. पेडल खाली गेलं होतं. सत्तावीस वर्षांत हे कुणी तुला म्हटलं नाही, आणि म्हणू शकणारी मी एकटीच होते. बाबांना आता सांगता येत नाही, तो भाग मला फेडता येणार नाही. माफ कर असं लिहीत नाही, एका ओळीत उरकण्यासारखं ते नाही. तू रागावलास तर रागाव, फोन बंद ठेवलास तरी मी समजेन. उर्वीला अजून सांगितलेलं नाही, आधी तुझा हक्क. हे पत्र तुला गुरुवारी-शुक्रवारी मिळेल, तपासणी त्यानंतरच्या सोमवारी आहे. किल्ली माझ्याच कपाटात आहे. तिने गाडी चालवायची की नाही हे बाप म्हणून तू ठरव, पण माझ्या पायाची चूक तुझी समजून ठरवू नकोस. तिला एक फोन कर.

तुझीच,
आई