मशेरी न लावणारं गाव

विटा,
गुरुवार, दुपार

तीर्थरूप बनाआत्यास सृष्टीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, शिवतेजची म्हैस आणि सूनबाईंचं शिलाई मशीन या तिघांचीही तब्येत बरी असेल असं धरून चालते. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण तुझा फोन शिवतेज उचलतो आणि लगेच स्पीकरवर टाकतो, मग मी काय बोलले ते तुझ्याआधी सगळ्या आळीला कळतं. म्हणून हे पत्र. चष्मा लाव आणि एकटीनं वाच.

मागं तू विचारलं होतंस की पोरी, तू पुण्यात नेमकं करतीस काय. (आईनं तुला 'कॅन्सरवरचं औषध शोधती' असं सांगितलंय. तसं काही नाही. तिनं ते इस्त्रीवाल्यालाही सांगितलंय आणि तो माझे कपडे फुकट करतो, म्हणून मी गप्प आहे.) खरं काम असं. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराची माहिती असते, पण गालाच्या पेशीनं गालापुरतीच वाचायची, तिची नक्कल उतरवायची आणि त्याप्रमाणं वागायचं. या नक्कल उतरवण्याला ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. 'आता वाढा' हा मजकूर जखम झाली की तेवढ्यापुरता उतरवायचा असतो. तंबाखूनं पेशी बिघडली, की ती तोच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवत बसते आणि वाढतच सुटते. हा बिघाड गाठ व्हायच्या आधी ओळखता येईल का, एवढंच मी बघते.

त्यासाठी मला मशेरी लावणाऱ्या आणि तुलनेला न लावणाऱ्या बायकांचे गाल हवे होते. म्हणजे गालाच्या आत मऊ ब्रश फिरवायचा, तो नळीत बुडवायचा आणि नळी बर्फाच्या पेटीत ठेवायची, दुखत नाही. माझ्या सरांना वाटलं हे पुण्यातच होईल, पण मी छाती ठोकून सांगितलं, की माण तालुक्यात माझी सख्खी मावशी आहे, तिथं मशेरीसाठी घरोघर तव्यावर तंबाखू भाजतात. (अंबूमावशीला तू ओळखतेस. आपल्या वीरधवलच्या लग्नात जिनं आचाऱ्याला बाजूला करून स्वतः आमटी ढवळली, ती.)

मावशीनं मदत केली आणि तिथंच घात झाला. मी पोचायच्या आधीच तिनं देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, "पुण्याच्या म्याडम आल्यात. ज्या बायका मशेरी लावत्यात त्यांनी शाळेत यावं, न लावणाऱ्यांनी बी यावं." मी शाळेत दोन टेबलं मांडून बसले. लावणाऱ्यांच्या टेबलावर दिवसभरात एक धनगरबाबा आले, तेही मेंढीचं तोंड तपासाल का म्हणून विचारायला. न लावणाऱ्यांच्या टेबलाला मात्र रांग लागली. अख्ख्या गावात मशेरी लावणारी बाई नाही. मी एकीला तोंड उघडायला सांगितलं, तर दात तव्याच्या बुडासारखे. ती म्हणाली, "सकाळी काळं वांगं खाल्लं व्हतं."

आत्या, खरं सांगते, संध्याकाळी मला रडू आलं. वर्षभर झगडून या कामाला मंजुरी मिळाली होती. तेव्हा गावातली आशा सेविका जरिना माझ्याशेजारी येऊन बसली. (ही घरोघरी फिरून बाळंतिणींची काळजी घेते, त्यामुळं कुणाच्या घरात काय शिजतं ते तिला ठाऊक.) ती म्हणाली, "आवं म्याडम, सासू सुनंम्होरं कबूल हुईल व्हय? उद्या गिरणीत बसा. बाई दळण घिऊन एकटी येती, आन् गिरणीच्या आवाजात कुणाला काय ऐकू येतंय?"

डोकं बघ. दुसऱ्या दिवशी मी गिरणीत पिठानं पांढरी होऊन बसले आणि एकेक बाई डबा ठेवून, माझ्या कानाशी येऊन ओरडून कबूल होऊ लागली. सगळं छान चाललं होतं. मग सरपंचांच्या आई आल्या, ज्यांना सगळं गाव आक्का म्हणतं. मी ओरडले, "दिवसातनं किती वेळा लावता?" त्यांनी दम घेतला आणि त्याच क्षणी लाईट गेली. गिरणी थांबली. शांत झालेल्या गल्लीत आक्कांचा आवाज घुमला, "लय न्हाई, धा-बारा येळा."

बाहेर दळणाच्या रांगेत आक्कांची सून उभी होती. ती आत आली. आक्का पदर तोंडाला लावून खाली बघत राहिल्या. सून माझ्यासमोरच्या पाटावर बसली आणि म्हणाली, "माझं बी लिवा. पाच येळा. आत्याबाईंच्याच डबीतली."

"तरीच," आक्का म्हणाल्या, "मला वाटायचं उंदीर खात्यात."

त्यानंतर लपवायचं काही उरलंच नाही. लाईट नसताना रांग लागली, नळ्या संपल्या. (पुढं सरांचा फोन आला, की काही नमुन्यांत ज्वारीची जनुकं सापडतायत, हे कसं काय. मी म्हटलं, सर, समोरासमोर सांगेन.)

आक्कांच्या सुनेच्या गालात पांढरा चट्टा होता. मी डॉक्टर नाही, मला त्यातलं ठरवता येत नाही, म्हणून जरिना तिला साताऱ्याला घेऊन गेली. सोबत आक्काही गेल्या, कुणी बोलावलं नसताना. चट्टा काढून तपासला, बिघाड नुकताच सुरू झाला होता, तो तेवढ्यावरच थांबला. आता दोघींनी मशेरी सोडली आहे. आक्का म्हणतात, सून चिडचिड करती. सून म्हणते, आत्याबाई करत्यात.

बाकी सर्व क्षेम. सगळ्यांना नमस्कार, म्हशीलाही.

तुझी,
सृष्टी

ता. क. आत्या, एवढं सगळं कशासाठी लिहिलं ते आता सांगते. वीरधवलच्या लग्नात नवरी उखाण्यात अडकली आणि तू तोंड उघडून हसलीस, तेव्हा तुझ्या डाव्या गालात मला तसाच पांढरा चट्टा दिसला. चार माणसांत बोलले नाही, आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही. काही नसेलही. पण मी सोमवारी पाटणला येते, आपण दोघी कराडला दाखवून येऊ. घरी चष्म्याचा नंबर काढायला जातो असं सांग. नाही म्हणू नकोस.

ता. क. २. वरचं लिहिताना आई मागं उभी राहून वाचत होती. न लावणाऱ्यांच्या नमुन्यांत मी हिचाही गाल घेतलाय आणि जन्मात हिनं तंबाखूचं पान हातात धरलं नाही असं सरांना लिहून दिलंय. ती म्हणाली, "बनाला नेतीस तर मलाबी ने." मी म्हटलं, तुला कशाला? तर म्हणाली, "मी नवी नवरी हुते तवा दाढ दुखायची. लावून बघ वयनी, असं कोण म्हणालं ते तुझ्या आत्यालाच विचार." तेव्हा आम्ही दोघी येतोय. आईनं विचारलंय, वाटेत लावायला डबी तू घेणार का तिनं आणायची. हा फक्त निरोप आहे, उत्तर देऊ नकोस.