चौथा पाय

औसा, १४ जुलै १९८४

ती. शंकरप्पा दाजींना धोंडप्पाचा शरणु शरणार्थी. नीलाअक्काचा गुडघा आता कसा आहे? इकडं सर्व ठीक. (नळाला दहाव्या दिवशी अर्धा तास पाणी येतं, तेवढं सोडून.) घर दुरुस्तीला काढलं म्हणून तुम्ही आमच्याकडं जपायला ठेवलेली, त्या मोठ्या चित्रकारानं स्वहस्ते रंगवलेली बैलाची टाइल सुखरूप आहे. गुरुवारी मुंबईचे गृहस्थ ती प्रदर्शनासाठी न्यायला येणार हे पत्रावरून समजलं. काळजी नसावी. तुम्ही नांदेडहून येण्याची तसदी घेऊ नका.

टाइल आल्याबरोबर मी मोजून घेतली. (सहा इंचाला एक सूत कमी भरते, तुम्ही पुरते सहा म्हणाला होता.) आमच्या हिनं, शरणम्मानं, ती देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात मांडली, कारण आमच्या घरात बैल म्हटला की तो नंदीच. तिथं शेजारच्या गुरम्माकाकूंनी त्याचे पाय मोजले. तीनच भरले. "अगं, खंडित नंदी घरात ठेवून बसलीस व्हय? मग पाऊस कुठनं पडंल?" झालं. दुसरं वर्ष कोरडं चाललेलं, त्यात नळावरच्या बाया माझ्याकडं अशा बघू लागल्या, की ढग जणू मीच कोंडून ठेवलेत. मी समजावलं, नव्या चित्रकलेत चौथा पाय बघणाऱ्यानं मनात धरायचा असतो. (हे तुमचंच वाक्य.) त्यावर शरणम्मा म्हणाली, "गावाच्या पाट्या रंगवता, अन् एक पाय काढता येईना तुम्हाला?"

आता दाजी, मी कुठल्या शाळेत ही विद्या शिकलो नाही. पण लातूर जिल्हा झाल्यापासून तालुक्यातल्या एकशेबारा पाट्यांवरचं 'उस्मानाबाद' पुसून 'लातूर' मीच लिहिलं, अन् एकाही उकाराला कुणी बोट लावलेलं नाही. शिवाय ती चूक मला रोज जेवताना समोर दिसायची. रविवारी शून्य नंबरच्या ब्रशनं पाय काढला. त्याचा खूर आधीच्या तीन खुरांपेक्षा सरस उतरला आहे, हे गर्वानं नव्हे, निरीक्षणानं लिहितो.

सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पाऊस आला. वीस मिनिटं पडला. (रेणापूरकडं थेंब नाही, मी चौकशी केली.) तेव्हापासून कोनाड्यापुढं नारळांचा ढीग आहे अन् आमचं जेवण पडवीत हललं आहे. तर टाइल सुखरूप.

आपला,
धोंडप्पा

ता. क. पाय तैलरंगात आहे. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं दोन मिनिटांत निघतो, खालचं मूळ काम जसंच्या तसं राहतं. बाटली आणून ठेवली आहे. पण शरणम्मा मला कोनाड्याजवळ फिरकू देत नाही.

आणखी ता. क. तुम्ही या घरचे जावई. तुम्हाला ती 'नको' म्हणणार नाही. तेव्हा बुधवारी याच, अन् पाय आपल्या हातानं पुसा. परतीची एसटी पावणेसहाला आहे, ती चुकवू नका. पाऊस पुन्हा अडला तर पाय कुणी पुसला म्हणून गाव मला विचारील, आणि मला खोटं बोलता येत नाही.