नात्याचा रकाना

प्रिय मावशी,

तू जाऊन आज सोळा दिवस झाले. एक गोष्ट तुझ्याजवळ कबूल करायची आहे.

संशोधन करता करता मी संख्याशास्त्राच्या वर्गाचे सराव तास घेतो, पेपर तपासतो, हे तुला माहीत होतंच. गेल्या महिन्यात एका मुलीची चाचणी बुडली. म्हणाली, "सर, मावशी वारली." मी तिला नियम दाखवला: सवलत फक्त आई, वडील, भावंडं गेली तरच. वर म्हणालो, "परीक्षा आली की मावश्या फार मरतात. आलेख काढून दाखवू का?" सगळा वर्ग हसला. तिला शून्य मिळालं.

मग तू गेलीस. रजेच्या अर्जावर नात्याचा रकाना होता. 'मावशी' लिहून रजा मिळाली नसती, म्हणून 'आई' लिहिलं. वाढवलंस तू, पण तसं कधी म्हणू दिलं नाहीस. "ती जागा माझ्या बहिणीची," म्हणायचीस.

काल तीच मुलगी जिन्यात थांबली. "सर, तुमच्या आई गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं." मी खाली मान घालून "हो" म्हणालो.

तिचं शून्य बदलायचं तर प्राध्यापकांना कारण सांगावं लागेल. उद्या सांगणार आहे. त्याआधी माझ्या अर्जावरचा तो एक शब्द खोडेन.

तुझा भाचा