नावापुढचा हिरवा ठिपका

मंगळवार, ता. १४

सकाळी नऊला तुझ्या ताईचा कॉम्प्युटर सुरू केला. पावणेदोन मिनिटांत उघडला. आपोआप काहीही सुरू झालं नाही. दोन शिंपिणींना कोटाच्या बाह्यांचे नमुने पाठवले. दुपारी झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

चि. धाकटीस आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? साडूंचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर मी विचारलं असं त्यांना सांगू नकोस, ते सविस्तर कळवतील.) माझी तब्येत बरी आहे, फक्त सकाळी नऊच्या सुमारास छातीत धडधडतं, आणि त्याचं कारण तुला ठाऊक आहे.

तुझी ताई जाऊन चार महिने झाले, पण तिची जुनी गिऱ्हाइकं अजून तिने काढलेले कपडे बेतायचे नमुने मागतात, म्हणून मी रोज नऊला तिचा कॉम्प्युटर लावतो. तो लावला की तिने नेमून ठेवलेले नऊ प्रोग्रॅम न सांगता जागे व्हायचे. त्यातला एक कॉलचा. तो उघडला की तुझ्या फोनवर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो, म्हणजे बाई हजर आहेत. हे मला कुठून माहीत असणार? पहिल्या दिवशी तू घाबरून त्या ठिपक्यालाच कॉल लावलास. इकडे पडद्यावर तुझा फोटो आला, घंटा वाजू लागली, आणि मी (तुला आजवर सांगितलं नव्हतं) न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. मग तू घरच्या फोनवर कुजबुजत विचारलंस, "भाऊजी, कोण आहे तिकडे?" मीही कुजबुजत म्हणालो, "मीच आहे." तू म्हणालीस, "नक्की?" आणि मी फोन बाजूला ठेवून सगळ्या खोल्या पाहून आलो.

त्यानंतर तुझं एकच मागणं होतं, तो ठिपका बंद करा, मला बघवत नाही. मी हो म्हणालो आणि महिनाभर केलं नाही. विसरलो नव्हतो. भीती वाटत होती की तो प्रोग्रॅम बंद केला तर त्यातलं तिचं सगळंच पुसलं जाईल, आणि मग ते कुणाकडे मागायचं? शेवटी शेजारच्या टायपिंगच्या बाईंना बोलावलं. त्यांनी टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपची, म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्यांची, यादी दाखवली. प्रत्येक नावापुढे परिणाम लिहिलेला असतो, कमी, मध्यम, जास्त. कॉलवाल्यापुढे "जास्त" होतं. बाई म्हणाल्या, "म्हणजे याच्यामुळे मशीन रखडतं." मी म्हटलं, पटण्यासारखं आहे. "करा डिसेबल." मी विचारलं, जाईल का? "अहो, आपण होऊन उठू नकोस एवढंच सांगताय त्याला. घराबाहेर काढत नाही. हाक मारलीत की येईल. आणि हे हातमोजे कशाला घातलेत?"

(सवय. तीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली.)

तिथला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, निकाल पाहायचा, लिहून ठेवायचा, मगच पुढची. त्यामुळे नऊ प्रोग्रॅमना नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस तू मला काय काय बोललीस ते मी वहीत लिहिलेलं नाही. पहिल्या दिवशी "पाणी प्या" सांगणारा बंद केला. दुसऱ्या दिवशी प्रिंटरवाला. (प्रिंटर देऊन टाकला, तरी हा शाई संपत आल्याचं रोज सांगायचा.) पाचव्या दिवशी कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये एक खंगलेला म्हातारा दिसला आणि मी खुर्चीसकट मागे सरकलो. तो मीच होतो. दाढी केली. रोज सकाळी बटण दाबताना वाटायचं, आज तिची कुठली तरी गोष्ट परत येणार नाही. रोज तिचे नमुने मोजायचो, चारशे बारा. एकही कमी झाला नाही. कॉलवाला मात्र मुद्दाम शेवटी ठेवला. परवा तोही बंद केला. डोळे मिटून केला, त्यामुळे आधी चुकून आवाजच बंद झाला.

आता ठिपका लागणार नाही. तू निर्धास्त राहा. घरही शांत झालं आहे, ते बरं वाटतं.

थोरल्यांना नमस्कार, मुलांना पापा, साडूंना जपून.
तुझा भाऊजी

ता. क. – तिच्या तुझ्याशी झालेल्या जुन्या गप्पा जागच्या जागी आहेत. वाचल्या नाहीत, फक्त आहेत का ते पाहिलं.

ता. क. २ – शांत झालं ते बरं वाटतं, असं वर लिहिलं आहे. ते खरं नाही. ठिपका लागला की सव्वानऊला तू मला रागवायला फोन करायचीस. या घरात दुसरा फोन येत नाही. काल आला नाही, आज आला नाही, आणि उद्याही येणार नाही याची मला ठिपक्यापेक्षा जास्त भीती वाटते. रागवायला कारण हवं असेल तर कळव, माझ्याकडे पुष्कळ आहेत. सव्वानऊच हवेत असंही नाही.

डिंक वाळला आहे. त्यात थोडं पाणी घालतो आणि पाकीट चिकटवतो.