पाहुण्यांपुढची पावकी

रविवार, केज

डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. ओवी सहा वर्षांची आहे आणि चौथीचं गणित तिला सहज येतं. म्हणून तर तिला शाळेत न घालता मी घरीच शिकवते. पण पुढचं पुस्तक मुद्दाम उघडलेलं नाही. हा महिना फक्त अपूर्णांक, तेही भाकरी मोडून. आज सकाळी तिनं आपणहून विचारलं, "आई, चतकोराचे परत चार केले, तर अख्ख्या भाकरीचे किती व्हतील?" मी म्हटलं, संध्याकाळी मोडून बघू. दिवसभर ती त्या भाकरीची वाट बघत होती.

आणि संध्याकाळी पाटोद्याचे पाहुणे आले. सासऱ्यांनी तिला मधोमध उभं केलं. "म्हण गं पावकी." पाव-चतकोराचे हे जुने पाढे त्यांनी माझ्या माघारी कधी पाठ करून घेतले, कोण जाणे. तिनं घडाघडा म्हणून दाखवले.

"लई हुशार हाय पोरगी," पाहुणे म्हणाले.

"दिवाळीपर्यंत पाचवी उरकून टाकतो," सासरे म्हणाले.

उरकायला ती काय खुरपणी आहे? आणि शिकवते कोण? मी तिथंच चहाचा ट्रे धरून उभी होते. मला विचारावं, असं एकालाही वाटलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी भाकरी घेऊन ओवीपुढं बसले. "चल, मोडून बघू."

तिनं भाकरीकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पाहुणे तर गेले, आई. आता कावून मोडायची?"